एकविसावा माणूस आत येईना: एका सीए ऑफिसमधली सर्व्हरची कामवाटणी

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रात एका जिल्ह्याच्या गावी चार्टर्ड अकाउंटंटची जुनी फर्म आहे. तीन भागीदार, काही कायमचे कर्मचारी आणि बाकी सगळी आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करणारी मुलं-मुली, अशी एकूण २७ माणसं. त्यातली तिघं तालुक्याच्या शाखेत बसतात. मुख्य ऑफिसात टेबलांवर १९ संगणक, भागीदारांचे तीन लॅपटॉप आणि एक मोठं झेरॉक्स-स्कॅन यंत्र. फर्मची ओळख लागू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

या ऑफिसात सर्व्हर असा नव्हताच. मोठ्या सरांच्या केबिनमध्ये, टेबलाखाली, एक विंडोज १० प्रो असलेला साधा डेस्कटॉप होता. सगळे त्याला ‘मेन पीसी’ म्हणत. त्याच्यावर क्लायंटची फोल्डरं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आणि टॅलीच्या परवान्याचा गेटवे, म्हणजे बाकी संगणकांना तो परवाना पुरवणारी सेवा. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा ऑफिसात आठ संगणक होते आणि ही व्यवस्था उत्तम चालत होती. पुढे काम वाढलं तशी टेबलं वाढली, प्रत्येक नव्या टेबलावरून मेन पीसीचा तोच फोल्डर जोडला गेला. आपण या पेटीवर किती भार टाकलाय याचा विचार करायची वेळ कोणावर आलीच नव्हती.

अडचण

२७ सप्टेंबर २०२३. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, आणि ३० तारखेला टॅक्स ऑडिटची शेवटची मुदत. एरवी निम्मी आर्टिकल मुलं बाहेर क्लायंटकडे असतात. त्या आठवड्यात सगळीच्या सगळी ऑफिसात. दुपारी एका मुलीला फोल्डर उघडेना. पडद्यावर संदेश यायचा की या संगणकाला आणखी जोडण्या स्वीकारता येत नाहीत. तिने संगणक पुन्हा चालू केला आणि ती आत गेली, पण आता दुसराच कोणीतरी बाहेर. संध्याकाळपर्यंत ऑफिसात एक नवीच रीत पडली होती: ज्याला आत जायचं असेल त्याने हाक मारायची, “कोणीतरी दोन मिनिटं बाहेर पडा रे!”

ऑफिसच्या संगणकांचं काम मी बघतो, मला फोन आला तो ‘नेटवर्क स्लो झालंय’ असा. नेटवर्क ठणठणीत होतं. विंडोजच्या डेस्कटॉप आवृत्तीवरचा फोल्डर एका वेळी फक्त २० यंत्रांना वापरता येतो. ही मर्यादा परवान्यातच लिहिलेली आहे आणि एकविसावं यंत्र विंडोज स्वतःच नाकारतं. इथे १९ टेबलं, तीन लॅपटॉप आणि झेरॉक्स यंत्र धरून २३ दावेदार होते. हो, झेरॉक्स यंत्रसुद्धा. त्याच्यावर स्कॅन केलेला कागद थेट मेन पीसीच्या फोल्डरमध्ये पडायचा, म्हणजे ती एक जोडणीच. कोणी पन्नास पानांचा गठ्ठा स्कॅनला लावला की कोणाच्या तरी टॅलीवर गदा.

ते तीन दिवस कसे निभावले ते सांगतो, कारण तो उपाय अजूनही कोणाला उपयोगी पडेल. स्कॅनची दिशा बदलून दुसऱ्या एका संगणकावर वळवली, आणि रिकाम्या पडलेल्या जोडण्या विंडोज १५ मिनिटांनी सोडतं, ती वेळ दोन मिनिटांवर आणली. मुदत पार पडली. पण मेन पीसी नीट पाहिला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. सगळ्या टेबलांवर लॉगिनचं नाव एकच आणि पासवर्डही एकच. ऑफिस सोडून गेलेल्या प्रत्येक आर्टिकलला तो ठाऊक. बॅकअप म्हणून एक बाहेरची हार्ड डिस्क त्याच पेटीच्या डोक्यावर ठेवलेली, बारा महिने चोवीस तास जोडलेली. आणि शाखेला टॅली वापरता यावं म्हणून आधीच्या कोणीतरी राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून संगणक चालवायच्या सोयीचं, ३३८९ नंबरचं दार सरळ इंटरनेटला उघडून दिलेलं. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर टाकणारे आधी हेच दार ठोठावतात. ते मी त्याच संध्याकाळी बंद केलं. शाखेचं काम तीन दिवस अडलं आणि त्यावरून बोलणी खावी लागली. ती खायला माझी तयारी होती.

मोठ्या सरांचा प्रश्न सरळ होता, “चांगला सर्व्हर घेऊन टाकू. किती कोअरचा घ्यायचा?” मी म्हणालो, “सर, आधी त्याच्यावर कोण कोण राहणार ते ठरवू.”

आधी कागद

ऑक्टोबरची मुदतही संपू दिली आणि नोव्हेंबरात हेड अकाउंटंट काकांबरोबर दोन दुपारी बसलो. काका तीस वर्षं त्या ऑफिसात आहेत. कोणतं काम कशावर चालतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. एका फुलस्केपवर चार रकाने आखले: काम कोणतं, ते बंद पडलं तर किती वेळ चालेल, त्याला हात लावायचा अधिकार कोणाला, आणि ते कशाच्या शेजारी असू नये.

टॅली: सप्टेंबरात एक तास, एरवी अर्धा दिवस. हात लावणारा टॅलीवाला, म्हणजे बाहेरचा माणूस. क्लायंटची फोल्डरं: अर्धा दिवस. लॉगिन: इथे काका थांबले, कारण लॉगिन हे वेगळं काम आहे असं कोणी कधी धरलंच नव्हतं. छपाई: दुसऱ्या प्रिंटरवर जाऊ, दिवसभर चालेल. इंटरनेट: तासभरसुद्धा नाही, पोर्टलवर भरणा असतो.

सहावी नोंद डीएससीची. काकांनी लाकडी कपाटाचा खण ओढून दाखवला. क्लायंटच्या डिजिटल सह्यांचे पेनड्राइव्हसारखे डाँगल, प्रत्येकाला रबर बँडने बांधलेली नावाची चिठ्ठी, आडनावांप्रमाणे लावलेले. एका भागीदार मॅडमची कल्पना होती की हे डाँगल सर्व्हरलाच लावावेत, म्हणजे शाखेतूनही सही होईल. ते जमत नाही. रिमोट डेस्कटॉपने आत गेलं की विंडोज हा डाँगल, म्हणजे त्याच्या लेखी कार्ड रीडर, शोधतं ते आपण जिथे बसलोय त्या संगणकाला. पलीकडच्या पेटीला लावलेला डाँगल त्या सत्राला दिसतच नाही. म्हणून हे काम सर्व्हरच्या यादीतून आम्ही कागदावरच खोडलं. यंत्र आल्यावर हे कळलं असतं तर मॅडमना शाखेचं सगळं नियोजन मोडावं लागलं असतं.

पर्याय

पहिला पर्याय नुसत्या नॅसचा, म्हणजे नेटवर्कवरची साठवणपेटी. फोल्डरांना हक्क लावता येतात, २० जोडण्यांची अडचण नाही, विंडोज सर्व्हरचा परवानाही लागत नाही. दहा माणसांच्या आतलं ऑफिस असतं तर मी हाच सुचवला असता आणि रात्री शांत झोपलो असतो. इथे तो पुरला नाही, कारण मूळ दुखणं टेबलावरच्या लॉगिनचं होतं. आर्टिकल मुलं दोन-तीन वर्षांत बदलतात. कोणी सोडून गेलं की १९ संगणकांवर फिरून त्याचं खातं बंद करणं कोणी करत नाही, हे सात वर्षांत सिद्ध झालं होतं. एका जागी खातं बंद केलं की सगळीकडे बंद, ही सोय हवी होती. म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी.

दुसरा पर्याय: एक सर्व्हर, त्यावर एकच विंडोज सर्व्हर, आणि सगळी कामं त्याच्यावर. लॉगिन, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा), डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटणारी सेवा), फोल्डरं, टॅली. हार्डवेअरवाल्याने दिलेलं कोटेशन हेच होतं आणि बहुतेक छोट्या ऑफिसांत हेच बसवलं जातं. यात मला खटकलं ते काकांच्या तिसऱ्या रकान्यातलं. टॅलीवाल्याला काम करायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो. साध्या सर्व्हरवर तो अधिकार त्या एका यंत्रापुरता देता येतो. डोमेन म्हणजे एका जागेवरून सांभाळलेली सगळी खाती आणि संगणक, आणि ती सांभाळणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. त्याच्यावर मात्र ‘या यंत्रापुरता अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असा वेगळा नसतोच. तिथे पूर्ण अधिकार दिला की अख्ख्या डोमेनच्या किल्ल्या दिल्यासारखं होतं, भागीदारांच्या खात्यांसकट. टॅलीची फाइल दुरुस्त करायला आलेल्या मुलाच्या हाती तिजोरी द्यायची नाही, एवढ्या एका कारणासाठी हा पर्याय मी नाकारला. टॅलीसाठी पेटी पुन्हा चालू करावी लागली तर सगळ्यांचं लॉगिन अडतं, ही त्यापुढची गैरसोय.

याच पर्यायाचं स्वस्त रूप म्हणजे विंडोज सर्व्हर एसेन्शियल्स. त्यात कॅल, म्हणजे दर माणसामागे किंवा यंत्रामागे लागणारा वापराचा परवाना, वेगळा घ्यावा लागत नाही. पण मर्यादा २५ वापरकर्त्यांची आणि आमची माणसं २७. मोठे सर म्हणाले, “दोन मुलांना एकच लॉगिन देऊ, काय बिघडतं?” मी त्यांना म्हणालो, “सर, कोणी काय उघडलं ते कळावं म्हणून तर हे सगळं करतोय. पहिल्याच दिवशी दोघांचं नाव एक केलं तर उद्या तुमच्यासमोर दोघंही म्हणतील, मी नव्हतो.” सरांनी थोडा विचार केला आणि मान्य केलं. ऑडिट करणाऱ्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

तिसरा पर्याय: पेटी एक, पण तिच्यावर हायपर-व्ही ही विंडोजची सोय आणि तिच्या आत दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले दोन वेगळे संगणक. एकात लॉगिनची कामं, दुसऱ्यात फोल्डरं आणि टॅली. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा परवाना कमीत कमी १६ कोअरचा घ्यावा लागतो, पेटीत आठच कोअर असले तरी. त्या एका परवान्यात दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात, अट एवढीच की खालची मूळ विंडोज फक्त ती मशीन सांभाळण्यासाठी वापरायची. म्हणजे दुसऱ्या पर्यायातही स्टँडर्डच घ्यायचं होतं तर त्याच पैशांत दोन वेगळी घरं मिळत होती.

चौथा, सगळं भाड्याने ढगावर, म्हणजे इंटरनेटवरच्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर. गावात तेव्हा भरवशाची फायबर लाइन एकच होती आणि रस्त्याची खोदाई सुरू झाली की ती आठवड्यातून एकदा तुटायची. त्यावर फार वेळ घालवला नाही.

निर्णयाच्या जागा

तिसरा पर्याय ठरला, पण खरी माथेफोड त्याच्या आतली होती.

शाखेचं काय? तिघांना टॅली हवं. रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, म्हणजे अनेकांना एकाच सर्व्हरवर दुरून बसवायचं काम, ही भूमिका डोमेन कंट्रोलरवर ठेवायची नाही. टॅलीच्या मशीनवर ठेवली तर तिघांतल्या कोणाच्या ब्राउझरमुळे टॅली आडवं होणार. तिसरं मशीन केलं तर स्टँडर्डच्या एका परवान्यात तिसऱ्याला जागा नाही, सगळ्या कोअरसाठी परवाना दुसऱ्यांदा घ्यावा लागतो. शिवाय रिमोट डेस्कटॉपचे कॅल वेगळे. एका विक्रेत्याने सुचवलं की पहिले १२० दिवस ते कॅलशिवाय चालतं, मग बघू. ‘मग बघू’वर ऑफिस उभं करायचं नसतं. आम्ही साधा मार्ग घेतला. मुख्य ऑफिसातले तीन बरे डेस्कटॉप शाखेतल्या तिघांच्या नावाने मागच्या खोलीत ठेवले. शाखेतून फायरवॉलच्या (इंटरनेटच्या दारावरच्या पहारेकरी यंत्राच्या) व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त वाटेने, यायचं आणि ज्याने त्याने आपापल्या संगणकावर बसायचं. तिघांसाठी हे पुरतं. दहाजण असते तर हिशेब उलटा झाला असता. पोर्टलवरची सही ते शाखेतल्याच संगणकावरून, डाँगल हाताशी ठेवून करतात.

कॅल माणसामागे की यंत्रामागे? माणसं २७, पण टेबलं १९, कारण आर्टिकल मुलं आलटून-पालटून बसतात. टेबलांसाठी यंत्रामागचे कॅल घेतले, शाखेचे तीन संगणक धरून २२. भागीदार घरून, लॅपटॉपवरून, कुठूनही येतात, त्यांना माणसामागचे तीन. दोन्ही प्रकार एकत्र चालतात.

ज्या पेटीवर दोन्ही मशीन चालतात ती डोमेनमध्ये घ्यायची का? मी बाहेर ठेवली. डोमेनचा पासवर्ड कोणाच्या हाती लागलाच तर निदान ज्या जमिनीवर दोन्ही घरं उभी आहेत ती त्याच्या हाती लागू नये. बॅकअपच्या नॅसलाही याच कारणाने डोमेनबाहेरचा, वेगळाच पासवर्ड दिला.

छपाईची भूमिका कोणालाच दिली नाही. प्रिंटर थेट आयपी पत्त्यावर जोडले आणि डोमेन कंट्रोलरवरची छपाईची रांग सांभाळणारी प्रिंट स्पूलर सेवा बंद केली. जुलै २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर नावाची याच सेवेतली सुरक्षेची फट उघडी पडली तेव्हापासून मी हे सगळीकडे करतो.

आणि एका निर्णयात माझी चूक झाली. डीएचसीपी संगणकांना पत्ता वाटतो, तेव्हाच डीएनएस कुठे विचारायचं तेही सांगतो. मॅडमनी विचारलं, “तुमचा सर्व्हर बंद पडला तर इंटरनेटही बंद?” मी त्यांच्या समाधानासाठी पहिला डीएनएस आपला सर्व्हर आणि दुसरा बाहेरचा, गूगलचा ८.८.८.८, असा दिला. पुढे त्याचं काय झालं ते येतंच.

कृती

सीए ऑफिसात बदलाचा मुहूर्त पंचांगापेक्षा मुदतींवर ठरतो. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ३१ डिसेंबरला वार्षिक विवरणपत्रं, मार्च तर विचारूच नका. २६ जानेवारी २०२४ शुक्रवारी येत होता. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस मिळाले.

त्याआधीच्या तीन आठवड्यांत पेटी येऊन दोन्ही मशीन उभी राहिली होती. एक आठ कोअरचा टॉवर सर्व्हर, ६४ जीबी मेमरी, दोन एसएसडी एकमेकींची आरशातली प्रत आणि डेटासाठी दोन मोठ्या डिस्कही तशाच. पहिल्या मशीनला ६ जीबी मेमरी पुरली. लॉगिन, डीएनएस आणि डीएचसीपी यांना इतक्या माणसांसाठी याहून जास्त लागत नाही. दुसऱ्याला १६ दिली. बाकीची मोकळी ठेवली, आणि ‘मोकळी कशाला ठेवायची’ या प्रश्नाला पुढल्या वर्षी उत्तर मिळेल एवढंच सांगितलं. पेटी चालू झाली की लॉगिनचं मशीन आधी उठेल आणि टॅलीचं तीन मिनिटांनी, असा क्रम लावला.

क्लायंटची सगळी फोल्डरं रोबोकॉपी या विंडोजच्या प्रत काढणाऱ्या आज्ञेने आधीच उतरवली होती, शुक्रवारी रात्री फक्त बदललेल्या फाइली आल्या. ड्राइव्हचं अक्षर जुनंच, झेड, ठेवलं. पण एक्सेलच्या शेकडो फाइलींतली एकमेकींची जोडणी झेडवर नव्हती, मेन पीसीच्या नावावर होती. ते काकांनी शनिवारी सकाळी पकडलं. एका कारखान्याचा ताळेबंद उघडला आणि खालची घसाऱ्याची रक्कम येईना. नव्या सर्व्हरला जुन्या पेटीचं नाव पर्यायी नाव म्हणून दिलं, तेव्हा ती रक्कम जागेवर आली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून आकडा कागदाशी ताडून पाहिला, मगच पुढची फाइल उघडली. त्या दिवशी त्यांनी अशा ४० फाइली तपासल्या.

डोमेनमध्ये संगणक घेताना दुसरी ठेच. सात संगणकांवर विंडोजची होम आवृत्ती निघाली. दुकानातून लॅपटॉप-डेस्कटॉप घेताना तीच येते आणि ती डोमेनमध्ये जात नाही. मी नोव्हेंबरात संगणक मोजले होते, त्यांची विंडोज वाचली नव्हती. चारांना प्रोचा परवाना घेतला, तीन इतके जुने होते की बदललेच. हा खर्च कोटेशनमध्ये नव्हता आणि सरांना तो सांगताना मला खरोखर वाईट वाटलं.

पहिला आठवडा

सोमवारी, २९ तारखेला, सकाळी सगळे आपापल्या नावाने आत आले. दुपारी तीनच्या सुमारास सहा-सात जणांचं फोल्डर गायब. लॉगिन व्हायला चार-चार मिनिटं. एकाच्या संगणकावर आयपीकॉन्फिग चालवलं तर पत्ता आमचा नव्हताच, भलत्याच मालिकेतला होता. म्हणजे ऑफिसात पत्ते वाटणारा दुसरा कोणीतरी होता. खोल्या पालथ्या घातल्यावर मीटिंगच्या खोलीत, पडद्यामागे, जुना वाय-फाय राउटर सापडला. क्लायंट आले म्हणून शिपाईमामांनी नेहमीसारखा प्लग लावला होता. त्यांचा काय दोष? तो राउटर तिथे आहे हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. त्याचं पत्ते वाटणं बंद करून त्याला नुसता वाय-फायचा खांब केला.

तरी बुधवारी पुन्हा दोघांची तक्रार, ‘डोमेन सापडत नाही’. ही माझी ८.८.८.८ वाली चूक. दुसरा डीएनएस म्हणजे ‘पहिला मेला तरच विचारायचा’ असं आपल्याला वाटतं. विंडोजला पहिल्याकडून उत्तर यायला जरा उशीर झाला की ते दुसऱ्याकडे वळतं आणि मग काही काळ तिथेच विचारत राहतं. बाहेरच्या डीएनएसला आमच्या ऑफिसचं डोमेन कसं ठाऊक असणार? तो ‘असं काही नाही’ म्हणतो आणि संगणक त्यावर विश्वास ठेवतो. ती ओळ काढली. बाहेरची नावं आता आमचा सर्व्हरच पुढे विचारून आणतो. मॅडमना जाऊन सांगितलं की तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘हो, सर्व्हर पडला तर टेबलांवरचं इंटरनेटही पडेल’ असं आहे. त्यावर तोड म्हणून फायरवॉलवर पत्तेवाटप सुरू करायच्या पाच पायऱ्या एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या.

परिणाम

एप्रिल-मे मध्ये वळवाचे पाऊस सुरू झाले की वीज जाते. एकदा तीन तास गेली. यूपीएसचा संदेश पेटीला देणारी केबल जोडलेली असल्यामुळे दोन्ही मशीन नीट बंद होऊन निजली होती. वीज आल्यावर मात्र तीन जुन्या डेस्कटॉपवरून फोल्डर उघडेनात. त्यांच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल, रुपयाएवढा, संपलेला होता. वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे. डोमेनमध्ये घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की केर्बेरॉस ही लॉगिन पडताळणारी व्यवस्था ओळखच नाकारते. त्याच दुपारी ऑफिसातल्या सगळ्या जुन्या संगणकांचे सेल बदलून घेतले.

ऑगस्टमध्ये एका आर्टिकलकडून एका क्लायंटचा अख्खा फोल्डर पुसला गेला. तो मुलगा पांढराफटक पडला होता. काकांनी त्याला शेजारी खुर्चीवर बसवलं, त्याच्या वरच्या फोल्डरवर उजवी क्लिक केली, प्रीव्हियस व्हर्जन्समधून दुपारी बाराची प्रत उचलली आणि जागेवर ठेवली. मला फोनसुद्धा केला नाही, संध्याकाळी सांगितलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा सगळी माणसं ऑफिसात. त्या वर्षी मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली होती. जोडण्यांची हाक एकदाही उठली नाही. वर्षभरात सहा आर्टिकल सोडून गेले. त्यांची खाती ज्या त्या दिवशी बंद झाल्याचं काकांच्या वहीत तारखेसह लिहिलेलं आहे.

एक गोष्ट मात्र कागदावर ठरवल्याप्रमाणे झाली नाही. टॅली एका तासात परत उभं राहील असं मी लिहून दिलं होतं. सप्टेंबरच्या आधी आम्ही ते करून पाहिलं: टॅलीचं मशीन पूर्णपणे गेलं असं धरून, मॅडमच्या घरी दर शुक्रवारी जाणाऱ्या डिस्कवरून ते वेगळ्या पेटीवर उभं केलं. लागले तीन तास वीस मिनिटं, कारण टॅलीच्या डेटाबरोबर क्लायंटची सगळी फोल्डरंही त्याच प्रतीत होती आणि आधी तीच उतरत राहिली. आता टॅलीचा डेटा दर तासाला वेगळा नॅसवर जातो आणि गेटवेसाठी एक राखीव संगणक तयार आहे. दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा ३५ मिनिटं लागली.

वेगळं काय केलं असतं

टॅली आणि फोल्डरं एकाच मशीनमध्ये ठेवली, ते परवान्याच्या हिशेबाने. काकांच्या कागदावर मात्र त्यांचे ‘किती वेळ चालेल’ हे रकाने वेगळे होते. एकाला तास, दुसऱ्याला अर्धा दिवस. फोल्डरं नॅसवर आणि टॅली एकटं मशीनमध्ये, अशी मांडणी केली असती तर ते तीन तास वीस मिनिटं वाट्याला आलीच नसती. तेव्हा मी पहिला पर्याय नाकारताना तो पूर्णच नाकारला, त्यातला फोल्डरांपुरता भाग उचलायला हवा होता.

डोमेन कंट्रोलर एकच आहे. दुसरा असावा असं सगळे म्हणतात, पण त्याच पेटीत दुसरा ठेवून पेटी पडल्यावर काही मिळत नाही. दुसरी छोटी पेटी घ्यायचं बजेट त्या वर्षी नव्हतं. सध्या रोजचा बॅकअप आणि तो उभा करून पाहण्याची तिमाही तालीम, यावर चाललंय. माझ्या मनाला ते पुरेसं वाटत नाही आणि सरांना मी तसं लेखी दिलं आहे.

आणि पत्त्यांची मालिका. जुनी १९२.१६८.१ हीच तशी राहू दिली, कारण प्रिंटर आणि स्कॅनर त्यावर बसलेले होते. पण बहुतेक घरांच्या राउटरवरही हीच मालिका असते. भागीदार घरून व्हीपीएनने येतात तेव्हा त्यांच्या लॅपटॉपला १९२.१६८.१.१० म्हणजे ऑफिसचा सर्व्हर की घरातला टीव्ही हे कळत नाही. मोठ्या सरांच्या घरी राउटर बदलून वेळ मारून नेली, मॅडमच्या घरी अजून अडतं. जानेवारीच्या सलग सुट्टीत ऑफिसची मालिका १०.३७ वर न्यायची ठरली आहे. कोणत्या प्रिंटरला कोणता नवा पत्ता, याची यादी काकांनी करायला घेतली आहे.